व्हाइट हाउसमधल्या माणसांच्या मुलाखती टिपताना

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष पायउतार झाला की त्याच्या कारकिर्दीतले कागद सरकारजमा होतात. १९७८ च्या कायद्याने हे ठरलं आणि रेगन यांच्या कारकिर्दीपासून लागू झालं. त्याआधी हे कागद राष्ट्राध्यक्षाची खासगी मालमत्ता समजले जायचे. आता पत्रं, टिपणं, भाषणांचे कच्चे खर्डे, ईमेल, सगळं राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात जातं. एवढं सगळं जपलं जात असताना त्याच प्रशासनातल्या माणसांना पुन्हा समोर बसवून तासन्‌तास बोलतं कशाला करायचं, हा प्रश्न माझ्या मनात होता. पुण्यात इतिहास शिकलेल्या मुलीला तो पडणारच. बखर एका पारड्यात आणि अस्सल पत्र दुसऱ्या पारड्यात ठेवलं तर वजन कशाला द्यायचं, हे इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी आमच्या कितीतरी पिढ्यांना पक्कं शिकवून ठेवलंय. माणसाची आठवण म्हणजे सोयीची गोष्ट, कागद म्हणजे पुरावा. हीच शिदोरी घेऊन मी पीएचडीसाठी अमेरिकेत आले आणि तिथल्या एका विद्यापीठात, एका माजी राष्ट्राध्यक्षाच्या प्रशासनाचा मौखिक इतिहास नोंदवणाऱ्या प्रकल्पात संशोधन साहाय्यक म्हणून लागले.

राष्ट्राध्यक्ष कोण, मुलाखत देणारी माणसं कोण, हे इथे लिहिता येणार नाही. त्यांतल्या बऱ्याच मुलाखती अजून लोकांसाठी बंद आहेत आणि त्या बंद राहाव्यात असा करार आहे. त्या कराराबद्दल पुढे सविस्तर लिहिणारच आहे, कारण या सगळ्या कामात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट तीच आहे.

कागद पुरत नाहीत याचं मोठं कारण राष्ट्राध्यक्ष निक्सन. फेब्रुवारी १९७१ ते जुलै १९७३ या काळात ओव्हल ऑफिसमध्ये आणि इतर खोल्यांत आपोआप चालू होणारी ध्वनिमुद्रण यंत्रणा बसवलेली होती. केनेडी आणि जॉन्सन यांनीही संभाषणं टेप केली होती, पण निक्सन यांच्या टेप्स हजारो तासांच्या. १६ जुलै १९७३ ला निक्सन यांचे माजी साहाय्यक अलेक्झांडर बटरफील्ड यांनी वॉटरगेट प्रकरणाची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या समितीपुढे या यंत्रणेचं अस्तित्व उघड केलं. वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने टेप्स हवाली करायला लावल्या आणि ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सन पायउतार झाले. २० जून १९७२ च्या टेपवरची पुसली गेलेली साडेअठरा मिनिटं आजही चर्चेत असतात. मला त्या पुसलेल्या मिनिटांपेक्षा जास्त हळहळ वाटते ती पुढच्या परिणामाची. तेव्हापासून व्हाइट हाउसमधला माणूस लिहायलाच घाबरतो. १९९४ मध्ये, क्लिंटन दांपत्याच्या जमीनव्यवहारावरून उठलेल्या व्हाइटवॉटर प्रकरणात, अर्थखात्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याची खासगी डायरी काँग्रेसच्या समितीने मागवून घेतली. त्यानंतर डायरी ठेवायची हिंमत कोण करणार? वकील पहिल्याच आठवड्यात सांगतात की कागदावर काही उतरवू नका. म्हणजे कागद जपण्याचा कायदा झाला, आणि जपण्याजोगं लिहिणं मात्र आटत गेलं.

हे मी घरी फोनवर सांगत होते, तेव्हा बाबा लगेच म्हणाले, "यात नवीन काय? आमच्या फायलीत 'चर्चेप्रमाणे' असा शेरा असायचा." बाबा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. साहेबांनी टिपणीवर लिहायचं 'चर्चा करावी', मग केबिनमध्ये चर्चा व्हायची, आणि फाइल बाहेर यायची ती 'चर्चेप्रमाणे मंजूर' होऊन. कोण काय म्हणालं, कोणाचा फोन आला, कोण अडून बसलं, यातलं अक्षरही कागदावर नाही. पन्नास वर्षांनी कुणी ती फाइल उघडली तर त्याला निर्णय दिसेल आणि सही दिसेल. इतिहासाच्या वर्गात मला हे इतक्या स्पष्टपणे कुणी सांगितलं नव्हतं. व्हाइट हाउसच्या कागदांतही असे 'चर्चेप्रमाणे' जागोजागी भरलेले आहेत आणि ती चर्चा ज्यांनी केली ती माणसं म्हातारी होताहेत.

अमेरिकेत ही पद्धत मुरायला बरीच वर्षं गेली. ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचं काम सुरू केलं. ट्रुमन यांच्या ग्रंथालयाने १९६१ पासून मुलाखती घ्यायला घेतल्या. केनेडींच्या हत्येनंतर त्यांच्या सहकाऱ्यांच्या मुलाखती लगोलग सुरू झाल्या. पुढे व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिल इथल्या मिलर सेंटरमध्ये जेम्स स्टर्लिंग यंग यांनी कार्टर यांच्या प्रशासनापासून एक वेगळीच शिस्त घालून दिली. एकेकट्या वार्ताहराने जाऊन चार प्रश्न विचारायचे, असं तिथे नव्हतं. अभ्यासकांचा गट बसायचा, माणसाला दिवसभर, कधी दोन दिवस वेळ द्यायचा, आणि त्याआधी त्याच्या कामाचा सांगोपांग अभ्यास करायचा. १९८२ मध्ये हा गट कार्टर यांच्या गावी, प्लेन्सला जाऊन खुद्द त्यांच्याशी बोलला. आमचा प्रकल्प मिलर सेंटरचा नव्हता, पण कामाची घडण बरीचशी तिथलीच उचललेली होती.

माझ्या वाट्याला मुख्यतः ब्रीफिंग बुक यायचं. मुलाखत देणाऱ्याच्या कार्यकाळाची ही जाडजूड फाइल. आधी तारीखवार घटनापट, मग त्याच्या हाताखालच्या विषयांवर एकेक प्रकरण, त्यात त्या वेळच्या बातम्या, काँग्रेसमधल्या साक्षी, खुले झालेले मेमो, सहकाऱ्यांच्या आत्मचरित्रांतले उतारे, आणि शेवटी आमच्या प्रश्नांचे विषय. प्रश्न जसेच्या तसे द्यायचे नाहीत, नाहीतर माणूस उत्तर पाठ करून येतो. ही फाइल मुलाखतीच्या काही आठवडे आधी त्याच्या घरी पोचायची.

या फाइलसाठी मला सर्वांत उपयोगी पडली ती राष्ट्राध्यक्षांची दैनंदिनी. ती ते स्वतः लिहीत नाहीत. त्यांच्या दिवसाची मिनिटामिनिटाची नोंद कर्मचारी ठेवतात. किती वाजता कोणाचा फोन आला, कोणाशी बोलणं झालं नाही, बैठकीला कोण कोण होतं, कोण मध्येच उठून गेलं. वाचायला अत्यंत रुक्ष. पण दोन बैठकांच्या मधे एखाद्या सिनेटरला लावलेला चार मिनिटांचा फोन दिसला की प्रश्न तयार होतो: तेव्हा काय बोलणं झालं? दैनंदिनी दार दाखवते, आत नेत नाही. आत नेणारा माणूस आता फ्लोरिडात किंवा मेरिलंडमध्ये निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असतो.

मला वाटायचं, एवढे मोठे लोक, त्यांना सगळं आठवत असेल. तसं नसतं. व्हाइट हाउसमधला दिवस इतका गच्च भरलेला असतो की वर्षं एकमेकांत मिसळून जातात. एका गृहस्थांनी आल्या आल्या फाइल टेबलावर ठेवली. कडेला पिवळ्या चिठ्ठ्यांची झालर लागलेली. म्हणाले, मी त्या वर्षी केलेल्या अर्ध्या गोष्टी मला या फाइलीने परत दिल्या. त्यांचाच एक जुना मेमो आम्ही आत लावला होता, त्याच्या समासात त्यांनी आता पेनाने लिहिलं होतं, "हे मी लिहिलं, पण मला पटलेलं नव्हतं." मुलाखतीतला सर्वांत चांगला तास त्या समासातून निघाला.

मुलाखतीच्या खोलीत मी कोपऱ्यात बसायचे, रेकॉर्डर सांभाळायला आणि नावं, तारखा टिपायला. दोन रेकॉर्डर असायचे, एक बंद पडला तर दुसरा. एअर कंडिशनर बंद करायचा, कारण कानाला न जाणवणारी त्याची घरघर ध्वनिमुद्रणात सगळं व्यापून टाकते. प्रकल्पप्रमुख बाई सुरुवात नेहमी बालपणापासून करायच्या. वडील काय करायचे, गाव कसं होतं, राजकारणाशी पहिला संबंध कधी आला. आधी मला हे पाल्हाळ वाटायचं. पण माणूस आपल्या आवाजात यायला तासभर लागतो. सकाळी सगळे अजून वार्ताहरांशी बोलल्यासारखे बोलतात, वाक्यं घडवून घडवून. खरं बोलणं जेवणानंतर सुरू होतं, जाकीट खुर्चीवर आणि घड्याळ टेबलावर आल्यावर.

एक प्रसंग तपशिलात सांगते, कारण या कामातलं कसब त्यात दिसतं. एका बैठकीचं वर्णन चाललं होतं. ते गृहस्थ रंगात आले आणि टेबलावर बोटाने चौकोन काढून म्हणाले, "राष्ट्राध्यक्ष इथे, मी इथे, आणि हा माणूस इथे, अगदी असा, बघा." आणि खुर्चीत अर्धवट वळून बसले. आम्हा सगळ्यांना नीट दिसलं. रेकॉर्डरला काय दिसणार? बाईंनी त्यांना थांबवलं नाही. वाक्य पुरं होऊ दिलं आणि सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही राष्ट्राध्यक्षांच्या उजव्या हाताला, शेकोटीच्या बाजूला, आणि ते पलीकडच्या सोफ्यावर तुमच्याकडे पाठ करून?" ते म्हणाले, "अगदी बरोबर. पाठ करूनच." मग थोडं थांबून, "त्या दिवशी मला कळलं की माझं काही चालणार नाही." बाईंच्या त्या साध्या प्रश्नामुळे बसायची जागा शब्दांत उतरली आणि त्या जागेचा अर्थही. कुठल्याही इतिवृत्तात हे येत नाही. इतिवृत्तात उपस्थितांची नावं असतात, पाठ कोणाची कोणाकडे होती ते नसतं.

आता राजवाड्यांचा आक्षेप. आठवण चुकते, आणि चांगलीच चुकते. याच गृहस्थांनी एका निर्णायक शुक्रवारचं वर्णन केलं, बाहेर पाऊस, राष्ट्राध्यक्ष वैतागलेले. दैनंदिनीप्रमाणे त्या शुक्रवारी राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनमध्ये नव्हतेच. अशा वेळी "तुमचं चुकतंय" असं म्हणायचं नाही, म्हटलं की माणूस मिटतो. बाईंनी दैनंदिनीचं पान त्यांच्यापुढे सरकवलं आणि विचारलं, "ही वेगळी बैठक असेल का?" त्यांनी पान बराच वेळ वाचलं. दोन बैठका होत्या, आठवड्याच्या अंतराने. त्यांच्या मनात त्यांची एकच झाली होती. अधिकृत निर्णय पहिल्या बैठकीत झाला असं कागद सांगतात. पण बोलता बोलता उलगडलं की पहिल्या बैठकीनंतरही तो फिरवायचा प्रयत्न चालू होता आणि तो फसला तो दुसऱ्या बैठकीत. त्यांच्या लेखी निर्णय तेव्हा झाला, म्हणून आठवणीत एकच बैठक उरली. कागद एकटा असता तर हा मधला आठवडा आम्हाला कधीच कळला नसता, आणि आठवण एकटी असती तर तारीख चुकली असती. जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासद शिवछत्रपतींच्या कारभाराच्या आठवणी लिहायला बसले, तेव्हा त्यांच्यापुढे असं पान सरकवून "ही वेगळी मसलत असेल का?" विचारणारं कुणी असतं तर काय काय हाती लागलं असतं, या विचाराने मला त्या खोलीत अक्षरशः हुरहुर लागली.

मुलाखतीनंतरचं काम लांबलचक. आधी शब्दांकन, मग कानाला हेडफोन लावून ओळन्‌ओळ तपासणी. अडखळणं, तेच तेच शब्द काढायचे, पण बोलणं लेखी भाषेत चोपडून काढायचं नाही. दर वाक्याला निर्णय घ्यावा लागतो. "मी... आम्ही ते थांबवलं" यातला 'मी' खोडायचा की ठेवायचा? मी ठेवायची. एकवचनातून अनेकवचनात सरकणं हे अडखळणं नसतं. आवाजातलं हसू, सुस्कारा, दीर्घ शांतता शब्दांकनात हरवते याचं मला शेवटपर्यंत वाईट वाटत राहिलं. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण जपायलाच हवं, शब्दांकनावर भागवू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग ते शब्दांकन मुलाखत देणाऱ्याकडे जातं आणि तिथे कराराचा प्रश्न येतो. मजकूर त्याचा असतो. दानपत्रावर सही करून तो प्रकल्पाला देतो, आणि देताना अटी घालू शकतो. अमुक पानं इतकी वर्षं उघडायची नाहीत. माझ्या हयातीत नाही. अमुक व्यक्तीच्या हयातीत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ही लपवाछपवी वाटते. एका चर्चासत्रात एका विद्यार्थ्याने मला तावातावाने विचारलं होतं, जनतेचा इतिहास कुलूपबंद करायचा हक्क यांना कोणी दिला? प्रश्न प्रामाणिक होता. पण हे काम जवळून केल्यावर माझी खात्री झाली आहे की कुलूप आहे म्हणूनच आत ठेवायला काही मिळतं.

जॅकलीन केनेडी यांचं उदाहरण घ्या. १९६४ मध्ये, नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा त्यांनी इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांना सात बैठकांत मिळून सुमारे साडेआठ तासांची मुलाखत दिली. ऐकताना ग्लासातला बर्फ वाजतो, काडी ओढल्याचा आवाज येतो, छोटा जॉन मध्येच खोलीत येतो. ती मुलाखत बंद राहिली आणि २०११ मध्ये त्यांच्या मुलीने, कॅरोलिन यांनी, ती प्रकाशात आणली. त्यात इंदिरा गांधींविषयी फार कडवट शब्द आहेत. ते बोलणं झाल्यावर दोनच वर्षांत इंदिराजी पंतप्रधान झाल्या. मुलाखत लगेच छापायची असती तर जॅकलीन यांनी ते शब्द उच्चारले असते का? आपल्याला मिळाली असती ती एका विधवेची शिष्टसंमत श्रद्धांजली.

कुलूप मोडतं तेव्हा काय होतं तेही पाहिलंय. बोस्टन कॉलेजच्या प्रकल्पात उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांनी, मरेपर्यंत उघडणार नाही या भरवशावर, मुलाखती दिल्या होत्या. २०११ मध्ये ब्रिटनच्या विनंतीवरून अमेरिकन सरकारने त्या टेप्ससाठी समन्स काढली, कोर्टात लढाई झाली आणि काही मुलाखती पोलिसांच्या हाती गेल्या. विद्यापीठाचा शब्द कोर्टापुढे टिकत नाही हे सगळ्यांना कळलं. आमच्याकडे येणारे लोक वकिलांना विचारूनच येत आणि हा विषय काढत. बाई त्यांना साफ सांगायच्या: कोर्टाचा आदेश आला तर आम्ही लढू, पण जिंकूच असं वचन देऊ शकत नाही. काही जण त्यावर परत गेले. जे थांबले ते खरं काय ते ऐकून थांबले, आणि मला वाटतं म्हणूनच मोकळं बोलले.

टेबलावर बोटाने चौकोन काढणाऱ्या गृहस्थांचं शब्दांकन परत आलं तेव्हा पाठ करून बसलेल्या माणसाबद्दलचा सगळा परिच्छेद लाल रेघेने कापलेला होता. तो माणूस हयात आहे, दोघांच्या कुटुंबांचं येणंजाणं आहे, असं त्यांनी कळवलं. हक्क त्यांचाच. बाईंनी फोन केला. आग्रह नाही, समजूत घालणं नाही; एवढंच सांगितलं की कापलं तर ते कायमचं जाईल, आणि बंद केलं तर तुम्ही म्हणाल तितकी वर्षं कुणाला दिसणार नाही. मुदत हवी तेवढी लांब घ्या. त्यांनी विचार करायला वेळ मागितला. पुढच्या पाकिटात लाल रेघेशेजारी काळ्या शाईत अट होती: दोघांपैकी मागे राहील त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. खाली सही. तो परिच्छेद आता मूळ मुलाखतीतून वेगळा काढून बंद संचात ठेवलेला आहे आणि खुल्या प्रतीत त्या जागी इतकंच छापलंय की इथला मजकूर मुलाखत देणाऱ्याच्या अटीनुसार बंद आहे. वाचणाऱ्याला निदान इथे काहीतरी होतं एवढं तरी कळतं.

माझी खंत आहे ती मुलाखतींच्या यादीबद्दल. मंत्री, सल्लागार, चीफ ऑफ स्टाफ यांची नावं आधी येतात, आणि हीच माणसं आत्मचरित्रंही लिहितात, वाहिन्यांवरही बोलतात. त्यांच्या बोलण्यावर प्रशासनाची ठरलेली कहाणी आधीच चढलेली असते. ओबामांच्या कारकिर्दीचा मौखिक इतिहास २०१९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाकडे सोपवला गेला, तेव्हा सत्तेतल्या लोकांबरोबर त्यांच्या धोरणांची झळ किंवा लाभ पोचलेल्या सामान्य लोकांनाही बोलतं करायचं ठरलं, हे मला फार योग्य वाटलं. आतही आणखी खाली उतरायला हवं. राष्ट्राध्यक्षांच्या भेटींचं वेळापत्रक लावणारी बाई, टंकलेखनिक, भाषणाचा खर्डा रात्री अकराला बदलून देणारा मुलगा. कोणाला आत सोडायचं आणि कोणाला थांबवायचं हे वेळापत्रक लावणाऱ्या बाईला माहीत होतं, आणि तिने कधी आत्मचरित्र लिहिलेलं नाही.

हे मी बैठकीत मांडलं. पैसा मर्यादित आहे, मुलाखतीमागे होणारा खर्च मोठा आहे, या अडचणी खऱ्या आहेत. तरी यादी हुद्द्याऐवजी वयानुसार लावायचं ठरलं. आता सर्वांत वर एका सचिव बाईंचं नाव आहे, वय नव्वदीच्या घरात. कान अधू झालेत, सकाळी दोन तासच बोलू शकेन असं त्यांनी कळवलंय. त्यांच्यासाठी ब्रीफिंग बुक मोठ्या टायपात छापतोय, आणि त्यात दैनंदिनीची पानं सगळ्यांत पुढे लावली आहेत, कारण त्यांतल्या कितीतरी नोंदी त्यांनी स्वतः टाइप केलेल्या आहेत.